पॉइंट बेचाळीस

पलकने चावी पुढे केली, पण जयसिंगरावांनी हात पुसायचं थांबवलं नाही. फडक्याने एकेक बोट पुसून झालं, नखं झाली, मनगट झालं. तेव्हा तिने चावी पान्यांच्या ट्रेमध्ये टाकली. खणकन आवाज झाला आणि शेजारच्या स्पेअर पार्टच्या दुकानातून अच्युतने मान बाहेर काढली.

"दोन गॅरेज फिरून आलेय," पलक म्हणाली. "नवी बॅटरी टाकली. चार दिवस गाडी उभी राहिली की तीपण बसते. एकानं टेप काढून ठेवला, दुसरा म्हणतो कॉम्प्युटर बदला."

"मग बदल."

"बाबा, मी गाडी दुरुस्त करायला नाही आले."

"हे गॅरेज आहे. लोक त्यासाठीच येतात इथं."

"करंट कुठं जातो तेवढं शोधा. माझ्यासमोर. रविवारी आईचं वर्षश्राद्ध आहे. देवासहून वासुदेवमामा येणार, सगळेच येणार. तेराव्याला भर पंगतीत उभं राहून तुम्ही जे बोललात, ते खरं की खोटं, मला रविवारच्या आत पाहिजे."

जयसिंगरावांनी फडकं खांद्यावर टाकलं. तेराव्याला आपण काय बोललो हे त्यांना कोणी आठवण करून द्यायची गरज नव्हती. वासुदेव, म्हणजे शांताचा धाकटा भाऊ, त्याने वाढता वाढता विचारलं होतं, 'भावजी, तुमच्यासारख्या माणसाची गाडी ऐन वेळी बंद कशी पडली?' आणि ते म्हणाले होते, 'गाडीला काही झालं नव्हतं. दिवा तिनंच चालू ठेवला होता. शंभरदा सांगितलं होतं.' पलक हातातलं भांडं तिथेच ठेवून आत गेली. महिनाभराने ती विजयनगरला मैत्रिणीच्या फ्लॅटवर राहायला गेली, जाताना आईची गाडी घेऊन.

"खरं आहे ते," जयसिंगराव म्हणाले.

"मग मीटर लावायला घाबरता कशाला?"

"भिया, बेटी इतने दिन बाद आई है," अच्युत तिकडून ओरडला. "कुर्सी तो दो यार. सीधे पंचायत बिठा दी."

"तू आपला माल मोज," जयसिंगराव म्हणाले आणि त्यांनी ट्रेमधून चावी उचलली.

कृष्णपुऱ्याच्या पुलाकडून येणारी गर्दी दुकानासमोरून सरकत होती. गाडी अर्धी फुटपाथवर, अर्धी दुकानात घ्यावी लागली. पांढरी, दहा-बारा वर्षांची, मागे लांब डिकीवाली. त्यांनी सेकंडहँड घेऊन शांताला दिली होती. शांता एका शाळेत शिवण शिकवायची. सुदामा नगरहून शाळा, शाळेहून भाजी, भाजीहून घर, एवढीच गाडी फिरायची. जयसिंगरावांचं येणं-जाणं स्कूटरवर.

त्यांनी बॉनेट उघडलं. बॅटरीची काळी तार सोडवली, मीटरची एक सुई तारेला, दुसरी बॅटरीला लावली. आता गाडीत जे काही जाईल ते मीटरमधून मोजून जाईल. ड्रायव्हरचं दार उघडं ठेवून त्यांनी त्याच्या कुलपात पेचकस फिरवला आणि खटका बसवला, म्हणजे दार उघडं असलं तरी गाडीला ते बंद वाटतं. हे सगळं ते रोज करत होते. तीस वर्षांत त्यांनी राजवाड्यामागच्या टेम्पोंपासून साहेब लोकांच्या गाड्यांपर्यंत शेकडो गाड्यांतला चोर करंट पकडला होता. या एका गाडीला मात्र त्यांनी कधीच मीटर लावलं नव्हतं. गरजच वाटली नव्हती.

"आता?" पलकने विचारलं.

"आता थांबायचं. गाडी पुरती झोपायला वीस मिनिटं लागतात."

"आईला तेवढीच लागली होती. ऑटो मिळायला."

जयसिंगराव मीटरकडे बघत राहिले. आकडा उतरत होता.

त्या दिवशी पहाटे साडेपाचला शांता पलंगावर उठून बसली होती, छातीवर हात ठेवून. पाच मिनिटांत ते तिला गाडीत घेऊन बसले. चावी फिरवली तर नुसतं टिक. पुन्हा टिक. दुसऱ्या गाडीवरून करंट द्यायच्या केबली दुकानात होत्या, इथे, याच खिळ्यावर. ते वळले आणि म्हणाले, 'पुन्हा दिवा चालू ठेवलास ना?' शांताला बोलायला श्वास पुरत नव्हता. तरी ती म्हणाली, 'नाही हो ठेवला.' मागच्या सीटवर पलक होती. तिने ते ऐकलं होतं. मग ते ऑटो आणायला चौकाकडे पळाले. हॉस्पिटलात डॉक्टरांनी एवढंच विचारलं, 'थोडं आधी नाही आणता आलं?'

वीस मिनिटं झाली. आकडा थांबला.

"किती?" पलक जवळ आली.

"पॉइंट बेचाळीस अँपिअर."

"पाहिजे किती?"

"पॉइंट शून्य तीन-चार. घड्याळापुरता."

"मतलब दहापट."

"हिशेब येतो मला."

ते गाडीत वाकले आणि स्टिअरिंगखालच्या डब्यातून एकेक फ्यूज काढू लागले. फ्यूज काढायचा, पलकने मीटर वाचायचं, फ्यूज परत बसवायचा. हॉर्न, बेचाळीस. वायपर, बेचाळीस. पंखा, बेचाळीस. पलकचा आवाज एखाद्या परीक्षकासारखा कोरडा येत होता. नववा फ्यूज काढला तेव्हा ती बोललीच नाही.

"काय झालं? वाच."

"पॉइंट शून्य दोन."

जयसिंगराव हळूहळू सरळ झाले. फ्यूज चिमटीत धरून त्यांनी तो तिच्या डोळ्यांसमोर नेला.

"टेप आणि आतला दिवा," ते म्हणाले. "टेप तर तुझ्या त्या मिस्त्रीनं काढलाय. राहिला कोण? दिवा. मी काय म्हणत होतो?"

पलक मागे सरली नाही.

"दिवा आत्ता चालू आहे का? बघा वर. बंद आहे. दिसतोय ना बंद?"

"आत्ता बंद आहे. तेव्हा..."

"तेव्हाचं सोडा. आत्ता बेचाळीस कोण खातंय? बल्ब काढा तो. काढा आणि फ्यूज लावा परत."

"तू मला शिकवतेस?"

"आईनं शिकवायला पाहिजे होतं. तिला तुमची भीती वाटायची."

जयसिंगरावांनी छताच्या दिव्याची काच नखाने उचकटली, बल्ब काढून खिशात टाकला आणि फ्यूज बसवला. मग ते स्वतः मीटरपाशी गेले, पलकच्या वाचण्यावर विश्वास नसल्यासारखे.

पॉइंट बेचाळीस.

त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. आकडा तोच. आणि तेव्हाच त्यांच्या मनात आलं की या फ्यूजवर तिसरंही एक काही आहे. त्यांची नजर गाडीच्या मागच्या बाजूला गेली आणि तिथून लगेच परत आली.

"चहा घेऊन ये," ते म्हणाले.

"मला नको."

"मला पाहिजे."

ती त्यांच्याकडे बघत क्षणभर उभी राहिली. मग पर्स उचलून कोपऱ्यावरच्या टपरीकडे गेली.

जयसिंगरावांनी किल्लीने डिकी उघडली. आतला छोटा दिवा जळत होता. झाकण उघडल्यावर तो लागणारच, त्यात काही नाही. डिकीच्या तोंडाशी एक बारीक खिट्टी असते, झाकण बसलं की ती दाबली जाते आणि दिवा विझतो. त्यांनी खिट्टी बोटाने दाबली. दिवा विझला. सोडली. लागला. खिट्टीत काहीही दोष नव्हता.

दोष तिच्याभोवती होता. डिकीच्या कडेने जाड काळं रबर बसवलेलं होतं. कंपनीचं नव्हे. दोन वर्षांपूर्वी शांता म्हणाली होती, 'डिकी खडखडते हो, सिग्नलवर लोक बघतात.' तेव्हा दुकानात एका टेम्पोचं रबर उरलं होतं. त्यांनी ते कापून बसवलं, झाकण लागेना म्हणून लॉक थोडं वर घेतलं. खडखड गेली. अर्ध्या तासाचं काम. आता झाकण लागत होतं, पण पहिल्यापेक्षा बोटाच्या पेराएवढं वर राहत होतं. खिट्टीपर्यंत पोचत नव्हतं.

खिशात ब्लेडची पत्ती होती. रबर ओढून काढायला दोन मिनिटं लागली असती. मग म्हणता आलं असतं, फ्यूजचा कॉन्टॅक्ट ढिला होता, गाडी जुनी झाली. टपरीवर पलकपुढे तीन-चार माणसं उभी होती. त्यांनी पत्ती काढली आणि रबराचं टोक उचकटायला वाकले.

वाकल्यावर त्यांना झाकणाची आतली बाजू दिसली. खिट्टीच्या बरोबर वर, पांढऱ्या पत्र्यावर, एक गोल डाग होता. पिवळट, कडेला वाळलेल्या चिकटाचा. अंगठा फिरवला तर खरखरीत लागला. घरात चपला चिकटवायची ट्यूब असायची, तिचा असा रंग येतो.

त्यांनी डिकीतलं कापड उचललं, स्टेपनीच्या खड्ड्यात हात घातला. एक शाळेची पिशवी, वाळकी कोथिंबीर, आणि तळाशी कॅरमची काळी गोटी. एका अंगाला तोच पिवळा चिकट. त्यांनी ती डागावर धरली. तंतोतंत बसली. गोटी धरूनच त्यांनी झाकण अर्धं खाली आणलं, खिट्टी दाबली गेली असती, तेवढीच जाडी. कमी नाही, जास्त नाही. कापडावर टीप घालणाऱ्या बाईने अंदाजाने घेतलेलं माप.

शांता जाण्याआधीच्या नवरात्रात घरच्या कॅरममधून एक काळी गोटी गेली होती. जयसिंगराव शेजारच्या प्रेमलताबाईंच्या दारात जाऊन त्यांच्या नातवांच्या नावाने ओरडून आले होते. बाईंनी तेव्हापासून बोलणं टाकलं होतं. शांता स्वयंपाकघरातून म्हणाली होती, 'जाऊ द्या हो, आठांवर खेळा.' आणि त्याच नवरात्रापासून गाडी सुतासारखी सरळ चालायला लागली होती. दिवाळीच्या फराळाला त्यांनी पाहुण्यांसमोर सांगितलं होतं, 'बोललो नाही तर सुधारत नाही. नवरात्रापासून एकदा तरी बॅटरी बसली का? विचारा तिला.' शांताने चकल्यांची ताटली पुढे केली होती. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, किंवा असेल तर त्यांनी पाहिलं नव्हतं.

मग थंडी पडली, चिकट कडक झाला, आणि जानेवारीत शाळेला सलग सुट्ट्या आल्या. चार दिवस गाडी उभी राहिली.

"काय सापडलं?" पलक मागे उभी होती. हातात दोन ग्लास.

जयसिंगरावांनी मूठ मिटली. पत्ती दुसऱ्या हातात होती. ती त्यांनी खिशात टाकली.

"तुझा मोबाईल दे. नको, तूच कर. व्हिडिओ चालू कर आणि आत ठेव. दिव्याकडे तोंड करून."

"कशाला?"

"डिकी बंद केल्यावर आत काय होतं ते बाहेरून दिसत नाही. ठेव."

तिने ग्लास बॉनेटच्या कडेवर टेकवले आणि मोबाईल आत ठेवला. त्यांनी झाकण लावलं, मनात दहापर्यंत मोजलं आणि उघडलं. पलकने व्हिडिओ बघितला. झाकण खाली येताना बाहेरचा उजेड अरुंद होत गेला, मग गेला, आणि शाळेच्या पिशवीवर, स्टेपनीवर, पिवळा दिवा तसाच जळत राहिला. तिने तो पुन्हा लावून बघितला. तिसऱ्यांदा बघताना तिने तोंडावर हात धरला.

"बंद डिकीत," ती म्हणाली. "रात्रभर. रोज."

"हो."

"ती म्हणत होती ना. शेवटपर्यंत म्हणत होती." तिने मान वर केली. "हे रबर कंपनीचं नाहीये. कोणी लावलं?"

"मी."

पलक हसली. ते हसणं ऐकवत नव्हतं. "वा. इंदूरमधला नंबर एकचा ऑटो इलेक्ट्रिशियन. आणि फाशी कोणाला? तिला."

जयसिंगरावांनी मूठ उघडली.

तिला क्षणभर कळलं नाही. मग तिने गोटी उचलली, उलटी केली, नखाने चिकट खरवडला. झाकणावरच्या डागाकडे बघितलं.

"आपल्या कॅरमची," ती म्हणाली.

"नवरात्रात लावली असणार. शोधली तिनं, आपलीआपण. मीटर नाही, काही नाही. कदाचित संध्याकाळी फटीतून उजेड दिसला असेल."

"मग तुम्हाला का नाही सांगितलं?"

त्यांनी झाकणावरच्या डागावरून अंगठा फिरवला.

"मी सांगू? सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असतात, गाडीतलं तुला काय कळतं, तू ब्लाउज शिव. म्हणाला असतात की नाही?"

"म्हणालो असतो."

"तुमचा फॉल्ट होता म्हणून ती बोलली नाही. समजलं का? तुमची लाज झाकली तिनं. आणि तुम्ही भर पंगतीत..." चहाचे ग्लास बॉनेटच्या कडेवर तसेच होते, वर साय धरली होती. "रबर काढा ते. मला जायचंय."

"रबर नंतर. आधी ही बसवतो."

"गोटी? ही काय दुरुस्ती आहे?"

"तिची बरोबर होती. फक्त चिकट हलका पडला."

त्यांनी अच्युतला हाक मारली. अच्युतने पत्रा चिकटवायची चांगली ट्यूब आणून दिली, दोघांकडे बघितलं आणि तसाच परत गेला. जयसिंगरावांनी पॉलिशपेपरने डाग घासला, गोटीची बाजू घासली, चिकट लावला आणि गोटी जुन्याच जागी ठेवून अंगठ्याने दाबून धरली. पाच मिनिटं धरायची असते. ते तसेच उभे राहिले, हात वर, मान झाकणाखाली. अंगठा भरून आला तेव्हा दुसरा हात लावला. पलक गाडीला टेकून रस्त्याकडे बघत होती.

"ठेव परत," शेवटी ते म्हणाले. "बघ विझतो का."

तिने मोबाईल चालू करून आत ठेवला. झाकण तिनेच लावलं, जोरात. मग नळाकडे गेली, दुकानाच्या मागे. तोंडावर पाणी मारल्याचा आवाज येत राहिला, बराच वेळ.

मीटरवर पॉइंट शून्य दोन होतं. जयसिंगरावांनी ते वाचलं. मग बंद डिकीवर कोपर टेकून त्यांनी आपला फोन काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि नावांच्या यादीत वासुदेव शोधला.

पलक आली तेव्हा ते मीटरच्या तारा गुंडाळत होते. काळी तार बॅटरीला लागलेली होती. तिने डिकी उघडून मोबाईल घेतला आणि व्हिडिओ लावला.

"विझला?" त्यांनी विचारलं.

"अंधारच आहे."

"मग झालं. बंद कर."

तिने बंद केला नाही. स्क्रीन काळी होती, तरी ती बघत होती. गाड्यांचे हॉर्न, नळाचं पाणी, सगळं लांबून, पांघरुणाखालून आल्यासारखं ऐकू येत होतं. मग एक आवाज जवळ आला, अगदी पत्र्याला टेकून बोलावं तसा.

"वासुदेव, जयसिंगराव बोलतोय... नाही, नाही, रविवारचं नाही. ऐक. तेराव्याला मी जे बोललो ते खोटं होतं. दिवा शांतानं चालू ठेवला नव्हता. काम माझंच चुकलं होतं. तिनं ते शोधलं, दुरुस्तही केलं, मला कळू न देता... हो. रविवारी सगळ्यांसमोर सांगीन. तू आधी ऐकावंस म्हणून."

त्यानंतर व्हिडिओत नुसतं पाणी वाजत होतं. नळ बंद झाल्याचा आवाज आला. जयसिंगराव पेचकस ट्रेमध्ये ठेवत होते, एकेक करून, लांबीप्रमाणे. त्यांनी वर बघितलं नाही. फोन करताना पलकचा मोबाईल आतच होता हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. आता आलं होतं.

पलकने व्हिडिओ संपेपर्यंत हातात धरला. मग मोबाईल पर्समध्ये ठेवला आणि डिकी लावली, या वेळी हळू, दोन्ही हातांनी दाबून.

"हे टिकेल?" तिने विचारलं.

"चार दिवस उभी ठेवून बघावी लागेल. त्याशिवाय नाही सांगता येत."

"फ्लॅटवर पार्किंग नाही. रस्त्यावर लावावी लागते."

त्यांनी ट्रेमधून चावी काढली, फडक्याने पुसली आणि तिच्यासमोर धरली. तिने घेतली. गाडीत बसली, सीट पुढे ओढली, आरसा बसवला. इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. तिने काच खाली केली, पण बघितलं समोर, पुलाच्या गर्दीकडे.

"घराच्या गेटची चावी अजून लाइटच्या मीटरच्या डब्यातच असते ना?"

"तिथंच," जयसिंगराव म्हणाले.